तलवार, तह आणि बातमी

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघाले म्हणजे वाटेत सुकापूर हे गाव लागते. आज ह्या गावाला उंच इमारतींनी वेढले असले, तरी अडीचशे वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश भातशेतीचा होता. येथून थोड्या अंतरावर, दक्षिणेच्या बाजूने, एक फार जुनी वाट जाते. मुंबईहून निघालेले मचवे भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून पनवेल बंदराला लागत. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर चढे आणि चौक, खालापूर, खोपोली ह्या गावांवरून बोरघाट चढून पुण्याच्या बाजारात पोहोचे. व्यापाऱ्यांना ही वाट जशी सोयीची होती, तशीच ती पुण्यावर चालून जाऊ पाहणाऱ्या फौजेलाही सोयीची होती. इ. स. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज ह्याच वाटेने पुण्याकडे निघाली.

ह्या फौजेत सुमारे ३,९०० शिपाई होते. त्यांपैकी सहाशेच्या आतबाहेर गोरे आणि उरलेले हिंदी. हा आकडा फार मोठा वाटत नाही. पण तोफा, दारूगोळा आणि धान्य वाहण्यासाठी ह्या फौजेबरोबर सुमारे १९ हजार बैल होते, हे कळले म्हणजे त्या वाटेवरच्या गावांना युद्ध म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. भाताची कापणी नुकतीच झालेली, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि त्याच वेळी १९ हजार बैल दारी येऊन उभे! ह्या गावकऱ्यांना त्या युद्धाचे कारण कोणीही सांगितले नव्हते. सांगण्याचे साधनही नव्हते. मुंबईत त्या काळी एकही वर्तमानपत्र निघत नव्हते, आणि पुण्यात तर छापखानाच नव्हता.

मग युद्ध करणाऱ्यांना तरी खरी हकीकत ठाऊक होती काय? शत्रूची फौज किती, त्याच्या घरात फूट आहे की एकी, त्याला तिसरा कोणी साहाय्य करील काय, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्याला अचूक मिळतात, त्याची तलवार निम्मे काम होऊन गेल्यावरच म्यानाबाहेर येते. इ. स. १७७५ ते १७८२ असे सात वर्षे चाललेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

युद्धाचे मूळ पुण्यातील गृहकलहात होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा गादीवर बसले. परंतु सखारामबापू बोकील, नाना फडणीस इत्यादी कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध कट केला. हेच प्रसिद्ध बारभाईंचे कारस्थान होय. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई ह्यांना पुत्र झाला आणि ह्या बालकाच्या, म्हणजे सवाई माधवरावांच्या, नावाने बारभाई राज्य चालवू लागले. पदच्युत झालेले दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबईकरांना साष्टी आणि वसई ही ठिकाणे पुष्कळ वर्षांपासून हवी होती. १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि पुढील मार्चमध्ये सुरतेस दादांशी तह करून, त्यांना पुन्हा गादीवर बसविण्याचे वचन दिले.

येथून एक विलक्षण घोटाळा सुरू झाला. हिंदुस्थानात कंपनीची सरकारे तीन होती. १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह ह्या बाबतींत मुंबई व मद्रास ह्यांना कलकत्त्याच्या अधीन केले होते. परंतु मुंबईकरांनी सुरतेचा तह केला तो कलकत्त्याला न विचारता. कलकत्त्याच्या कौन्सिलाने ह्या तहाला नापसंती दर्शवली आणि आपला वकील कर्नल अप्टन ह्यास थेट पुरंदरला पाठवून १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी दुसरा तह केला. ह्या तहाने सुरतेचा तह रद्द झाला. आता ह्या दोन्ही सरकारांचे धनी होते लंडनमध्ये. तेथे पत्र जायचे ते आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजातून, आणि त्याला साधारण सहा महिने लागत. लंडनच्या संचालकांनी सुरतेचा तह वाचला, तो त्यांना आवडला आणि मिळालेला मुलूख राखावा असे त्यांनी कळवले. हे पत्र १७७६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस पोहोचले. तोवर तो तह मोडून पाच महिने लोटले होते! एकाच कंपनीच्या तीन कचेऱ्या, तिघींच्या हाती तीन निरनिराळ्या दिवसांच्या बातम्या, आणि प्रत्येकीचा हुकूम निराळा. पुण्याच्या दरबाराने नेमके कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

पुणे दरबाराची व्यवस्था ह्याहून वेगळी होती. आज वकील म्हटले की न्यायालयात बाजू मांडणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. त्या काळी वकील म्हणजे परदरबारी राहणारा आपल्या सरकारचा प्रतिनिधी. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस काळे अशी वकिलांची घराणीच होती. कलकत्त्यास पुण्याच्या वतीने लाला सेवकराम हा वकील होता. परदरबारात रोज काय घडते, कोण कोणास भेटले, कोणती फौज कोठे हलली, हे टिपून पाठवणे हे वकिलाचे मुख्य काम असे. अशा बातमीपत्रांना अखबार म्हणत. पत्रे नेण्यासाठी पायी धावणारे काशीद आणि जासूद असत. तातडीच्या पत्रासाठी सांडणीस्वार धाडीत. पत्रावर तारीख घालताना मुसलमानी महिन्याचा चंद्र मोजून ‘छ’ ह्या अक्षरापुढे आकडा लिहिण्याची रीत होती. सावकारांच्या पेढ्यांनाही मुलूखभरच्या बातम्या लागत, कारण हुंडी वटणार की बुडणार हे बहुधा त्या बातमीवरच ठरे. अशा नाना दिशांनी आलेली पत्रे नाना फडणीसांपुढे येत आणि एका पत्रातील मजकूर दुसऱ्याशी ताडून पाहिला जाई. नाना रणांगणावरचे शूर पुरुष नव्हते; त्यांच्या लौकिकाचा पाया हा पत्रव्यवहार होता.

खोट्या बातमीलाही किंमत असते, हे नानांना चांगले ठाऊक होते. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलला उतरून पुण्यास आला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असे तो सांगे. त्याच्या हाती अधिकार किती आणि बढाई किती, ह्याविषयी शंकाच होती. तरीही नानांनी त्याचा दरबारात सन्मान केला आणि तो इंग्रज वकील टॉमस मॉस्टिन ह्याच्या नजरेसमोर केला. फ्रेंचांची फौज पुण्याच्या मदतीस येणार, ह्या भीतीने मुंबई आणि कलकत्ता दोन्ही अस्वस्थ झाली. फ्रेंच फौज काही आली नाही. परंतु ह्या डावाचा एक परिणाम नानांच्या सोयीचा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे: घाबरलेल्या मुंबईकरांना युद्धाची घाई झाली.

त्यांना आणखी एका बातमीने भुरळ घातली. १७७८ मध्ये नानांचे चुलतबंधू मोरोबा फडणीस ह्यांनी कारभार बळकावला आणि राघोबादादांना पुण्यास आणण्याविषयी मुंबईशी संधान बांधले. सखारामबापू आणि तुकोजी होळकर हेही त्यांना अनुकूल आहेत, असे मुंबईस कळले. ही बातमी खरी होती. मात्र ती काही आठवड्यांपुरतीच. महादजी शिंदे नानांच्या बाजूने उभे राहिले, होळकरांना वळवले आणि त्या वर्षीच्या जुलैत मोरोबा कैदेत पडले. मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्यांचे कौन्सिल मात्र जुन्याच बातमीला चिकटून राहिले. दादा घाटमाथ्यावर दिसताच मराठे सरदार त्यांना येऊन मिळतील, अशी त्यांची खात्री होती. हवी तीच बातमी खरी मानण्याचा हा दोष मुंबईकरांपुरता नाही. अनेक शहाणी सरकारे त्याला बळी पडली आहेत.

नोव्हेंबरात फौज पनवेलच्या बाजूस उतरली. कॅप्टन स्टुअर्ट ह्याने पुढे जाऊन बोरघाट ताब्यात घेतला. मुख्य फौज मात्र तोफा ओढत, रस्ते करत, बैल हाकत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाटमाथ्यावर पोहोचली. फौजेचा कारभार एका माणसाच्या हाती नव्हता. कर्नल एगर्टन, जॉन कार्नाक आणि मॉस्टिन अशा तिघांचे मंडळ नेमले होते. त्यांच्यापैकी पुण्याचा दरबार जवळून पाहिलेला एकटा मॉस्टिन. तो आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. आता फौजेत शत्रूला खऱ्या अर्थाने ओळखणारा कोणी उरला नाही. घाटावरून कार्ल्यापर्यंतचे चार कोस चालायला त्यांना अकरा दिवस लागले. दादांना येऊन मिळणारे सरदार वाटेत कोठेच दिसेनात. दिसत होते ते महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके ह्यांचे स्वार, तेही दुरून. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून स्टुअर्ट पडला. ह्या शूर शत्रूला मराठ्यांनीच ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले. फाकडा म्हणजे बहाद्दर. मावळात हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे.

९ जानेवारीला इंग्रज तळेगावास पोहोचले, तो गाव रिकामा आणि जळलेला. मराठ्यांनी वाटेवरचा दाणावैरण नष्ट केला होता. वेळ पडल्यास चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी ठेवली होती. ह्या नीतीने शत्रूची कोंडी झाली हे खरे. तथापि जळलेली घरे रयतेची होती, हे विसरून चालणार नाही.

इंग्रजांपाशी अजून अठरा दिवसांची शिधासामग्री होती आणि पुणे केवळ एका मजलेवर होते. पण ज्या बातमीवर मोहीम उभी होती ती खोटी ठरल्याबरोबर मंडळाचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, साहित्य जाळून फौज गुपचूप माघारी निघाली. मराठ्यांना ह्या हालचालीचा सुगावा लागलाच. पहाटेपर्यंत फौज घेरली गेली आणि वडगावला अडकली.

ह्यानंतरचा प्रसंग तहाच्या इतिहासात फार बोधप्रद आहे. मराठ्यांनी अटी घातल्या त्या अशा: दादांना हवाली करावे, साष्टी व इतर घेतलेली ठाणी परत द्यावी, आणि कलकत्त्याहून मुंबईच्या मदतीला येत असलेल्या फौजेला परत जाण्याचा हुकूम द्यावा. वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून तह करण्याचा आपणास अधिकार नाही, असे मंडळाने प्रथम कळवले. मग सुटकेचा दुसरा मार्ग दिसेना, तेव्हा पूर्ण अधिकार आहे असे सांगून महादजींकडे माणूस पाठवला आणि करार लिहून दिला. दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवले. फौज सुखरूप मुंबईच्या बाजूस उतरताच मुंबई सरकारने तो करार नाकारला. करार करणाऱ्यांना अधिकारच नव्हता, हे कारण! पराभूत सेनापतीने प्राण वाचवण्यासाठी दिलेला शब्द त्याच्या सरकारला बांधतो काय, हा प्रश्न कायदेपंडितांना आजही सहज सुटणारा नाही. पण प्रथम अधिकार नाही म्हणणे, मग आहे म्हणणे आणि शेवटी पुन्हा नाही म्हणणे, ह्याला सरळ व्यवहार म्हणता येणार नाही. मराठ्यांनी कागदावर विश्वास ठेवून सापडलेली फौज सोडून दिली, ह्याबद्दल पुष्कळ इतिहासकारांनी त्यांना नावे ठेवली आहेत.

कलकत्त्याहून येणाऱ्या फौजेचा सेनापती गॉडर्ड तेव्हा बऱ्हाणपूरच्या आसपास होता. परत जा, असे सांगणारे पत्र त्याला वडगावहून रवाना झाले. पाठोपाठ, ते पत्र मानू नको, असे सांगणारे दुसरे निघाले. दोन्ही पत्रे एकाच मंडळाची! गॉडर्डने पत्रांचा नाद सोडला आणि झपाट्याने कूच करून फेब्रुवारीअखेर सुरत गाठली. अपुऱ्या बातमीत योग्य निर्णय घेणारा एवढाच एक इंग्रज अधिकारी त्या मोहिमेत दिसतो.

आता युद्ध पसरले. नानांनी निजाम, म्हैसूरचा हैदरअली आणि नागपूरकर भोसले ह्यांना एकत्र आणून चौफेर चढाईचा बेत रचला. हैदराने १७८० च्या जुलैत कर्नाटकात उतरून १० सप्टेंबरला पोलिलूर येथे कर्नल बेलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. नागपूरकरांची फौज बंगालवर जायची होती, ती कटकेपाशी रेंगाळली. कारण गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने मुधोजी भोसल्यांना पैसे देऊन थोपवले. नागपूरकरांचा कलकत्त्यातील वकील बेनीराम पंडित हा हेस्टिंग्जच्या विशेष मर्जीतला होता. एकाच शहरात पुण्याचा वकील पुण्यास एक लिहितो आणि नागपूरचा वकील नागपूरला दुसरेच लिहितो. मराठेशाहीची दुबळी बाजू ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार?

ह्याच कलकत्त्यात, युद्ध ऐन भरात असताना, हिंदुस्थानातील पहिले छापील वर्तमानपत्र जन्माला आले. जेम्स ऑगस्टस हिकी ह्या आयरिश मुद्रकाने २९ जानेवारी १७८० रोजी ‘बेंगॉल गॅझेट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. ह्यापूर्वी बातमी ही दरबाराच्या मालकीची वस्तू होती. वकील ती आपल्या धन्याला लिही, धनी ती पेटीत ठेवी. आता कोणीही पैसे देऊन ती विकत घेऊ लागला. कंपनीच्या लहान नोकराला, व्यापाऱ्याला, शिपायांच्या अधिकाऱ्याला मद्रासकडील पराभव आणि युद्धावर होणारा खर्च छापील अक्षरांत वाचायला मिळू लागला. हेस्टिंग्जच्या राज्यलोभावर आणि लाचलुचपतीवर हिकीने तिखट टीका केली.

हिकीची लेखणी निर्मळ होती असे म्हणता येत नाही. लोकांच्या घरगुती गोष्टी चव्हाट्यावर आणणे, थोरामोठ्यांना कुत्सित टोपणनावे देणे, हे प्रकार त्याच्या पत्रात भरपूर असत. म्हणूनच सरकारला त्याच्यावर हात टाकणे सोपे गेले. नोव्हेंबर १७८० मध्ये त्याच्या पत्राला टपालातून पाठवण्याची बंदी झाली. त्याच महिन्यात सरकारच्या मर्जीतले ‘इंडिया गॅझेट’ हे दुसरे पत्र निघाले आणि त्याला टपालाच्या सवलती मिळाल्या. जून १७८१ मध्ये हिकी बेअब्रूच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेला. तेथूनही त्याने पत्र चालवले. अखेर मार्च १७८२ मध्ये त्याच्या छापखान्याचे खिळे जप्त झाले आणि पत्र बंद पडले. बदनामी करणारा मजकूर आणि पराभवाची खरी बातमी ही दोन्ही एकाच खिळ्यांनी छापली जात. खिळे गेले तेव्हा दोन्ही गेली.

आणि त्या काळात छापण्याजोग्या बातम्या थोड्या नव्हत्या. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली. पुण्यावर दबाव आणण्यासाठी १७८१ च्या फेब्रुवारीत त्याने बोरघाट काबीज केला. पुन्हा तीच पनवेलची वाट, पुन्हा ते बैल, त्या तोफा. घाटात ठाण मांडून त्याने नानांशी बोलणे लावले. नानांनी उत्तर दिले की, हैदरअलीला वगळून आम्ही तह करणार नाही. बोलणी लांबली आणि दरम्यान परशुरामभाऊ पटवर्धनांच्या स्वारांनी पनवेलहून घाटाकडे जाणारी रसद तोडायला आरंभ केला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गॉडर्ड घाट उतरू लागला. खालापूर, चौक असे करत २३ एप्रिलला तो पनवेलला पोहोचला, तोवर त्याचे साडेचारशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले होते. युद्धसामग्रीही वाटेत पडली. अडीच वर्षांत दुसऱ्यांदा ह्या खोऱ्यातील लोकांनी इंग्रजांची फौज वर जाताना आणि मोडून खाली येताना पाहिली. तह होत होते, मोडत होते; त्यांच्या शेताचा बांध मात्र प्रत्येक वेळी तुडवला जात होता.

पैशाची ओढाताण हेस्टिंग्जला शांतताप्रिय करू लागली. युद्धखर्चासाठी काशीचा राजा चेतसिंग ह्याच्यावर त्याने वाढत्या मागण्या लादल्या आणि १७८१ च्या ऑगस्टात काशीत उठाव झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महादजींशी निराळा समेट झाला. त्यांच्याच मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह ठरला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई व पुरंदरच्या तहानंतर घेतलेला इतर मुलूख मराठ्यांना परत मिळाला, आणि राघोबादादांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली. हेस्टिंग्जने जूनमध्ये मान्यता दिली. नाना मात्र तहावर शिक्का करीनात.

ह्या विलंबात नानांचे सारे राजकारण साठवले आहे. सही न केलेला तह हे दुधारी शस्त्र होते. इंग्रजांना ते सुचवीत की, अधिक द्याल तर सही होईल. हैदराला सुचवीत की, तुंगभद्रेकडील आमचा मुलूख सोडाल तर सही होणार नाही. सहा महिने हा तराजू त्यांनी हाती धरला. ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळ छावणीत हैदरअली वारला. त्याचा पुत्र टिपू तेव्हा दूर मलबारात होता. तो येईपर्यंत फौज फुटू नये म्हणून हैदराच्या कारभाऱ्यांनी मृत्यू लपवला आणि धन्याचे शव खजिन्याच्या पेटीसारख्या पेटीत घालून कोलारकडे रवाना केले. परंतु राजाच्या मरणाची बातमी पेटीत फार दिवस राहत नाही. तराजूचे एक पारडेच नाहीसे झाले. मृत्यूनंतर तेराव्या दिवशी, २० डिसेंबरला, पुण्यात तहावर पेशव्यांचा शिक्का झाला.

लंडनमध्ये ह्या सगळ्याची चौकशी पार्लमेंटच्या समितीने केली आणि हिंदुस्थानातील कागद छापून प्रसिद्ध झाले. मे १७८२ मध्ये हेस्टिंग्ज आणि हॉर्नबी ह्या दोघांनाही परत बोलवावे, असा ठराव कॉमन्स सभेने केला. कंपनीच्या भागधारकांनी तो अमलात येऊ दिला नाही, हा भाग वेगळा. जे कलकत्त्यात छापणे गुन्हा ठरत होते, तेच लंडनमध्ये सरकारी खर्चाने छापले गेले. टिपूशी शेवटचे युद्ध जुंपले तेव्हा, १७९९ मध्ये, गव्हर्नर जनरल वेलस्लीने सर्व वर्तमानपत्रांवर नियम घातले: मुद्रकाचे नाव पत्रावर छापावे, संपादकाने आपला पत्ता सरकारला कळवावा, आणि सरकारी चिटणिसाने पाहिल्यावाचून काहीही प्रसिद्ध करू नये. मुंबईस पहिले इंग्रजी वर्तमानपत्र १७८९ साली निघाले होते. 

पुण्याचे अखबार कोणत्याही समितीपुढे आले नाहीत. ते सरदारांच्या वाड्यांत, दप्तरांच्या रुमालांत बांधलेले राहिले. पुढे वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी मिरजेच्या पटवर्धनांची पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली, तेव्हा बोरघाटातील लढायांची रोजची हकीकत मराठी वाचकाला शंभराहून अधिक वर्षांनी वाचायला मिळाली. मराठीतील पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी काढले. पेशवाई बुडून त्या वेळी चौदा वर्षे झाली होती, आणि पनवेलच्या वाटेने पुण्याला जाणारी टपाल इंग्रज सरकारची होती.